विषय : पावसात मुले घरात सापडल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
आमची सहकारी गृहरचना संस्था, पुनावळे.

संदर्भ : बी विंगच्या लिफ्टमध्ये आरशाच्या बरोबर मधोमध चिकटवलेली आपली सूचना.

सचिवसाहेब,

सूचना वाचली. सतरा मजले चढेपर्यंत दुसरं वाचायला काही नव्हतं आणि भांग पाडायला आरसा उरला नव्हता. पावसाळ्यात मुलांनी पार्किंगमध्ये सायकल चालवू नये, लॉबीत चेंडू आणू नये, जिन्यात बसू नये, लिफ्टने उगाच वर-खाली करू नये, पोडियमवर शेवाळ असल्याने तिकडे फिरकू नये; सबब पालकांनी आपल्या पाल्यांना घरातच रचनात्मक उपक्रमांत गुंतवून ठेवावे. त्या 'सबब'वर मी बेहद्द खूश आहे. 'गुंतवून' हा शब्दही नेमका पडलाय. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन मुलं, एक आजी आणि कपडे वाळत घालायचे दोन स्टँड असले की गुंता आपोआप होतो.

त्या स्टँडचं सांगतो. ब्रोशरमध्ये ज्या कोनाड्याला 'ड्राय बाल्कनी' म्हटलं होतं, तिथे जूनपासून गणपतीपर्यंत एक रुमालही वाळत नाही. म्हणून दोन्ही स्टँड हॉलमध्ये, पंख्याखाली. मुलांनी त्यांच्यावर डबल बेडची चादर टाकली आणि तंबू केला. आत शाळेच्या दोन ओल्या पँटी लोंबत होत्या, त्यांतून थेंब पडत होते. धाकटा आत छत्री घेऊन बसला. घरातल्या तंबूत पाऊस पडतो ही सोय तुमच्या क्लबहाउसच्या मिनी थिएटरमध्येही नसावी. अर्थात ते थिएटर आम्ही पाहिलेलं नाही. पण त्याकडे मी नंतर येतो.

पुनावळ्याचा पाऊस आपल्याला वेगळा सांगायला नको. वर तो बदाबदा कोसळत असतो आणि खाली गेटवर पाण्याचा टँकर हॉर्न देत असतो. रेड अलर्ट आला की शाळांना सुट्टी जाहीर होते; २०२४ च्या जुलैअखेर तेच झालं. निरोप पालकांच्या ग्रुपवर येतो आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. गंमत अशी की रेड अलर्ट फक्त शाळांना दिसतो, कंपन्यांना दिसत नाही. चाकणची बस ठरल्या वेळी कोपऱ्यावर उभी असते. माझी बायको त्या दिवशी हिंजवडीला जात नाही. ती बेडरूममध्ये दार लावून मीटिंगला बसते, आणि दाराबाहेर रचनात्मक उपक्रम चालू असतात.

शिवाय माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एमआयडीसीत निम्म्या लोकांची तीच. मुलांची रविवारी. एकाच घरातली माणसं कॅलेंडरवर शेजारी राहतात, एवढंच. त्यामुळे सगळे एकत्र सापडण्याचा दिवस म्हणजे जुळवून घेतलेली रजा आणि कोसळणारा पाऊस. असा दिवस गेल्या महिन्यात उगवला.

आपण म्हणाल, बाहेर न्या. नेलं होतं. जवळच्या मॉलमधल्या प्ले झोनमध्ये तासावर पैसे असतात आणि तिथले मोजे विकत घेणं सक्तीचं. दर वेळी घरचे मोजे घरी विसरतात, म्हणून आमच्याकडे आता खाली रबरी ठिपके असलेले सहा जोड आहेत. पालक बाहेर स्टुलावर बसून घड्याळ बघतात. पार्किंगच्या पावतीचं आणि उड्यांचं मीटर एकदमच पळत असतं. चिंचवडला ऑटो क्लस्टरशेजारी सायन्स पार्क आहे, चांगलं आहे, मुलं तिथून निघायला तयार नसतात. कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे दिवे मालवून रात्र करतात आणि इवल्या डब्यांतून उजेड पळतो, ते पाहताना माझा धाकटा पहिल्यांदा पाच मिनिटं गप्प बसला. पण कोथरूडला पोचण्याआधी हायवेखालचा आपला अंडरपास पार करावा लागतो. पावसात तिथे गाडी उभी राहिली की नाव-गाव-प्राणी-वस्तू चार डाव होतं. 'प' अक्षर आलं तेव्हा गावाच्या रकान्यात दोघांनीही पुनावळे लिहिलं, पाच-पाच गुण.

तेव्हा घरीच. आईने ट्रंकेतून सागरगोटे काढले. तिने ते आमच्या गावाहून जपून आणलेत, पाच नग, खालून वरून गुळगुळीत. मोठीला म्हणाली, एक वर फेक, तो खाली यायच्या आत चार उचल. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हा खेळ मुका असावा. व्हिट्रिफाइड टाइलवर तो टाक-टाक वाजतो. विसाव्या मिनिटाला इंटरकॉम आला, सोळाव्या मजल्यावरून: वर सुतारकाम चाललंय का, दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं असतं. आईने चटई टाकली. चटईवर सागरगोटे उडत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मग पत्ते. बदाम सात घरातल्या सर्वांना येतं असा माझा समज होता. धाकट्याने विचारलं, बदाम म्हणजे हार्ट ना? मग तो बदामासारखा का दिसत नाही? आईने उत्तर दिलं नाही, फक्त सत्ती टाकली. ती सलग तीन डाव जिंकली, कारण इस्पिकची अठ्ठी ती शेवटपर्यंत दाबून ठेवते. चाळीस वर्षं तिने ही एकच खेळी केली आहे आणि आम्ही चाळीस वर्षं फसतो आहोत.

आता मुद्द्याचा उपक्रम. अरविंद गुप्ता हे नाव आपल्या कानावर असेल. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनिअर झालेला हा माणूस आपल्याच पिंपरीत, टेल्कोत, ट्रक बनवायला आला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवायच्या कामात गेला. तिथे त्याच्या हाती सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटी लागली आणि पुढे ट्रक सुटले ते सुटलेच. पुण्यात आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, तिथे त्याने वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंचं कौतुक करणाऱ्या माणसाला सोसायटीने ओला-सुका विषयावर बोलवायला हरकत नव्हती, पण ते असो.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे व्हॉल्व्ह ट्यूब मागितली तेव्हा तो म्हणाला, सायकल कुठाय? सायकल पार्किंगमध्ये आहे, तिच्यावर आपल्या सूचनेमुळे धूळ बसली आहे. ट्यूब घरी आणून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. काड्यांचा गुल खरवडून टाकला. दोन काड्या ट्यूबच्या दोन तोंडांत घातल्या की सांधा तयार. मोठीने चार काड्यांचा चौकोन केला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. तो कलला, पतंग झाला. सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा कलला. तीन काड्यांचा त्रिकोण केला. दाबला. तो हलेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबला, काडी कडकन मोडली पण त्रिकोणाने आकार सोडला नाही.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या प्लॉटवर टॉवर क्रेन आहे. आपल्या पुनावळ्यात कुठल्याही खिडकीबाहेर असतेच. पावसात तिचा लांब हात निवांत उभा होता. "बाबा, ती सगळी त्रिकोणांची आहे," ती म्हणाली. सतरा मजल्यांच्या उंचीवरून आम्ही दोघांनी त्रिकोण मोजले, पाऊस वाढला तेव्हा मोजणी चुकली, पुन्हा मोजले. मी वीस वर्षं यंत्रांत घालवली, फ्रेम का वाकत नाही हे मला कागदावर कधीच कळलं होतं. काडी मोडल्याचा आवाज मात्र पहिल्यांदा ऐकला. सचिवसाहेब, एवढ्यासाठी आपल्या सूचनेचे खरोखरच आभार. इथे उपरोध नाही.

पुढे आहे. साडेपाचला शेजारच्या फ्लॅटमधली तीन मुलं आली, त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची दोन. सात मुलं, एक आई, पन्नास-साठ काड्या, एक मोडलेला तंबू. बायको मीटिंगमधून बाहेर आली, पाहिलं आणि परत मीटिंगमध्ये गेली. पूर्वी वाड्यात ओसरी असे, चाळीत गॅलरी असे. डोक्यावर छप्पर, पायाखाली कोरडं, आणि मुलं कोणा एकाच्या घरात नसत. आपल्याकडे तसं काही नाही असं मात्र म्हणता येणार नाही. तळमजल्यावर आपलं क्लबहाउस आहे. इनडोअर गेम्सची खोली आहे. टेबल टेनिसचं टेबल आहे, त्याची जाळी अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, हे मुलांनी काचेला नाक लावून पाहिलंय. खोली 'हस्तांतरणाअभावी' बंद आहे, असं तीन पावसाळे ऐकतो. मेंटेनन्सच्या बिलात मात्र क्लबहाउसचा रकाना पहिल्या महिन्यापासून आहे, त्याचं हस्तांतरण विनासायास झालं.

तरी विनंती अशी : पाऊस असेल त्या दिवशी ही खोली संध्याकाळी चार ते सात उघडावी. लक्ष ठेवायला आळीपाळीने दोन पालक बसतील, गुरुवार माझा. पत्ते आणि काड्या आम्ही आणू. सागरगोटे आई देणार नाही म्हणते, पण शिकवायला येईल.

किल्ली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये डावीकडच्या दुसऱ्या खणात आहे, चॉकलेटच्या जुन्या डब्यात. हेही मुलांनीच सांगितलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बी विंग, १७ वा मजला