कमी चाललेली सायकल

जुनी डोंगरी सायकल विकायला काढणाऱ्या माणसाला तिच्याविषयी अभिमानाने सांगण्यासारखं एकच असतं. ती त्याने चालवलेली नाही. ‘फारसा वापर नाही.’ ‘जेमतेम दोनदा बाहेर काढली.’ ‘लॉकडाऊनमध्ये घेतली, पुढे जमलं नाही.’ एका जाहिरातीत तर टायरवर कारखान्यातून येणारे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत असल्याचं लिहून वर फोटो जोडला होता. आपला आळस इतक्या मोकळेपणाने गुण म्हणून मांडायची सोय दुसऱ्या कुठल्या व्यवहारात असेल असं वाटत नाही. व्यायामाचं यंत्र विकतानाही लोक निदान ‘जागा नाही’ म्हणतात.

कॉलेजात असताना मी लेडीज सायकलवर अख्खं पुणं पालथं घातलं होतं. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, त्यावर मैत्रीण. मग नोकरी, स्कूटर, मुलं वगैरे झालं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर एकदम वाटलं की पुन्हा चालवावी. मात्र रस्त्यावर नाही. पुण्याच्या रस्त्यावर सायकल चालवायला जे धैर्य लागतं त्याच्या मानाने डोंगरावर चालवायला फारच कमी लागतं. दगड निदान उलट दिशेने येत नाहीत. मुळशीकडे, पानशेतच्या वाटेला, शेताबांधांच्या कडेने जाणारे मुरुमाचे कच्चे रस्ते डोळ्यांसमोर होते. खिशात वीसेक हजार होते. एवढ्यात नवी बरी डोंगरी सायकल येत नाही, जुनी येते.

म्हणून शनिवार-रविवारी मी लोकांच्या गॅलऱ्या बघत फिरू लागले. बाणेर, वाकड, हिंजवडी. फाटकावर नाव, फोन नंबर, कोणाकडे, कशाला; मग अकरावा किंवा सतरावा मजला. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागून सायकल बाहेर काढताना बहुतेक तरुण मालक तोच प्रश्न विचारत.

“काकू, मुलासाठी बघताय का?”

“नाही.”

“मग काकांसाठी?”

“काका चालतात. चालू देत.”

यानंतर ते सीट किती खाली येते ते दाखवायला घेत, आणि सीट खाली येत नसे. नळीत सीटचा दांडा घट्ट बसलेला असे. ग्रीस न लावता, न हलवता वर्षानुवर्षं तसाच राहिला की धातूला धातू धरून बसतो. तो सोडवायला मेकॅनिकला व्हाइस, तेल आणि शिव्या तिन्ही लागतात.

न चालवलेली सायकल नवीकोरी राहते, ही समजूतच मुळात चुकीची आहे. पश्चिमेची गॅलरी असेल तर उन्हाने टायरच्या कडांना भेगा पडतात, जुलैत तिरका पाऊस आत येतो. हवा उतरलेल्या टायरवर सायकल उभीच राहिली की रबर घडीवर चिरतं. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, चेनवर तांबूस थर चढतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर त्यांचे छोटे पिस्टन आळसावतात आणि लिव्हर दाबल्यावर एकाच बाजूचं पॅड पुढे सरकतं. पुढचा शॉकअप दाबला तर दबतो, पण वर यायला मात्र विनंती करावी लागते. हे सगळं सांगण्याचा मला अधिकार आहे, कारण माझ्या गुडघ्यांविषयी डॉक्टर थोड्याफार फरकाने हेच बोलले होते. जाहिरातीच्या भाषेत सांगायचं तर मीही एकाच मालकाकडची, फारसा वापर नसलेली. त्यामुळे गॅलरीतल्या या सायकलींकडे बघताना आपल्याच वर्गातल्या मुलीला भेटल्यासारखं व्हायचं. म्हणून काही तिला घरी आणता येत नाही.

गंमत अशी की डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी जुन्या सायकलीतून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही उनाड पोरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून, अडगळीतून किरकोळ पैशांत उचलायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. यात पुढे नावारूपाला आलेले गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी होती. फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या उतारावर ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी शर्यतच सुरू केली. सुमारे १३०० फुटांचा उतार, आणि ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लागणारा. तळाशी पोचेपर्यंत हब इतका तापायचा की ग्रीस जळून धूर निघायचा आणि नव्याने ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस ‘रीपॅक’ करावं लागतं म्हणून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी सांगाडा घडवला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने ‘स्टम्पजंपर’ कारखान्यातून काढली, आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. मग किमतीही तशाच वर गेल्या. आज लाखांत जाणाऱ्या या सायकलीचं कूळ शोधायला गेलं तर ते भंगारवाल्याच्या दारात सापडतं. घासाघीस करताना मला याचा मानसिक आधार फार वाटायचा.

बघता बघता माझी काही मतं पक्की झाली. मधोमध मोठी स्प्रिंग बसवलेल्या स्वस्त डबल शॉकअपच्या सायकली मी पहिल्याच फटक्यात बाद केल्या. त्या दिसतात झोकात, वजन मात्र घराच्या दारासारखं, आणि चढावर पायडल मारलं की जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्येच मुरतो. चांगली डबल शॉकअप असते, पण ती माझ्या वीस हजारांना ओळख दाखवत नाही. पुढे शॉकअप आणि मागे साधा घट्ट त्रिकोण, एवढं मला पुरे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवायचं. गंज किंवा खोल ओरखडा लागला तर नमस्कार करून निघायचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची. हँडलखाली टकटक झाली तर तिथली बेअरिंग ढिली. क्रँक आडवा धरून हलवायचा. हँडलच्या मागून खाली उतरणाऱ्या नळीचा सांधा खालून, टॉर्च लावून बघायचा. तिथे रंगाला सुरकुती असेल तर सायकल कधीतरी जोरात आदळलेली असते. मालक म्हणतो, “काकू, तो डिझाइनचा भाग आहे.”

आणि चेन. चेनसाठी मी पर्समध्ये शाळेतली फूटपट्टी बाळगत होते. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच असतं, म्हणजे एका फुटात बरोबर चोवीस दुवे बसतात. चेन झिजली की लांबते. चोवीसावी पीन एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेली तर मागच्या चकत्यांचे दातेही तिने खाल्लेत असं समजून तेवढे पैसे कमी करून मागायचे. मी वाकून मोजू लागले की आयटीतली मुलं एकदम गप्प उभी राहत. तीस वर्षं गणित शिकवल्याचा हा फायदा.

चाकाच्या बाबतीत मात्र मी जाणत्यांचं ऐकलं नाही. साधारण २०१३-१४ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी २६ इंची चाकं मागे टाकून साडेसत्तावीस आणि एकोणतीसचा रस्ता धरला. मोठं चाक दगडावरून सहज जातं, हे खरं आहे. पण म्हणूनच चांगल्या घराण्यातल्या २६ इंची सायकली आज कोणाला नको असतात आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. शिवाय २६ ची ट्यूब आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात टांगलेली असते. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असला तर हवा पेट्रोल पंपावरही भरता येते. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसल्यावर साडेसत्तावीस इंचांचं तत्त्वज्ञान कामाला येत नाही. दुकान उघडं असावं लागतं.

शेवटी सायकल मिळाली ती कोथरूडच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात, गॅलरीत नव्हे. विकणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, नखांत काळं ग्रीस. सायकलीवर इतके ओरखडे होते की मूळ रंग कोणता यावर चर्चा करता आली असती. आणि हा पहिलाच विक्रेता जो म्हणाला, “खूप चालवलीय, काकू.” मग त्याने तिचे दोष सांगायला सुरुवात केली. मागच्या चाकाला थोडा आऊट आहे. शॉकअपचं सील बदललंय, त्याचं बिल आहे. चेन गेल्या पावसाळ्यानंतर नवीन टाकली. ग्रिप फाटलेत, ते मी देतो नवे. सीटचा दांडा त्याने एका हाताने खाली सरकवला. तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मी फूटपट्टी काढली. त्याने खिशातून चेनची झीज मोजायची खास पट्टी काढली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं.

त्याने मला सायकलीवर पाय टाकून उभं राहायला लावलं. दांडा आणि मी यांच्यात बोटभर अंतर आहे ना, ते मान वळवून, दुसरीकडे बघत विचारलं. मूळ बिल दिलं, खालच्या बाजूला कोरलेला सांगाड्याचा नंबर त्याच्याशी जुळवून दाखवला. “तीन चकत्यांची आहे, आता कोणी घेत नाही, सगळ्यांना पुढे एकच लागते,” हेही सांगून टाकलं. पण मला त्या तीनच हव्या होत्या. पुढची सगळ्यात छोटी चकती २२ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी ३४ ची. म्हणजे पायडलची एक फेरी पूर्ण केली तरी चाक दोन तृतीयांशही फिरत नाही. पाय झपाझप फिरतात, सायकल ढिम्म. पण चढ चढला जातो. नवऱ्याने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो शेजारून चालत होता, आणि बोलता बोलता पुढे निघून गेला.

किंमत ठरली, आऊट काढायचे पैसे वजा झाले. नारायण पेठेतल्या मेकॅनिकने चाक फिरवून, बेअरिंगला कान लावून “चाललेली आहे, चांगली आहे” म्हटलं. तो एरवी कोणाबद्दल चांगलं बोलत नाही. उरलेल्या पैशांत टायरच्या आत घालायची काटेरोधक पट्टी आणि हेल्मेट घेतलं. हेल्मेट नवंच. आतला फोम एकदाच मार झेलतो, आणि जुन्याने तो कोणासाठी झेललाय हे बाहेरून कळत नाही.

मग राहिली ती पॅड शिवलेली चड्डी. मुलाने आग्रह धरला, सीट अरुंद आहे, आठ दिवसांत नाव काढशील म्हणाला. दुकानातल्या मुलीने बायकांच्या मापाची एक समोर पसरली आणि पॅडचे थर समजावून सांगितले. किंमत ऐकून मी सवयीने बोलून गेले, “यात जरा कमी वापरलेली काही मिळेल का?”

ती मॅनेजरला बोलवायला गेली.