आधी पाळीचं विचारा

‘सहा सिटिंगमध्ये नको असलेल्या केसांपासून कायमची सुटका. वेदना नाहीत, साइड इफेक्ट नाहीत. लग्नसराईनिमित्त खास सवलत.’ असल्या जाहिराती मोरा बंदरातल्या मुलींच्या मोबाइलवरही येतात. त्यातला दावा खोटा आहे, आणि मुलीला जे विचारायला हवं ते त्यात कुठेच नाही.

आधी दाव्याचं बघू. अमेरिकेचं एफडीए खातंसुद्धा प्रकाशाच्या झोताने केस घालवणाऱ्या या यंत्रांना ‘केस कायमचे कमी होतात’ एवढंच म्हणू देतं, ‘कायमचे जातात’ असं नाही. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही केस कमी करणं हाच शब्द आहे. कारण साधं आहे. प्रकाश फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसाच्या मुळावर नीट काम करतो, आणि एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात. म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात, पुढेही अधूनमधून जावं लागतं. पिकलेल्या केसावर तर प्रकाश जवळजवळ निरुपयोगीच, कारण त्याला पकडायला काळा रंगच नसतो.

इथेच खरी मेख आहे. उन्हात काळं कापड जास्त तापतं, तसा हा प्रकाश केसातल्या काळ्या रंगाला तापवतो आणि त्या उष्णतेने मूळ मरतं. पण तोच रंग आपल्या कातडीतही आहे. यंत्राला केस कुठला आणि कातडी कुठली ते कळत नाही. ते चालवणाऱ्या माणसाला कळावं लागतं. गोऱ्या कातडीवरच्या काळ्या केसाला हे सोपं जातं. धक्क्यावर, बाजारात, टोपलीमागे भर उन्हात दिवस काढणाऱ्या बाईच्या रापलेल्या गालावर तोच झोत तसाच मारला तर कातडी भाजते. भाजल्याची खूणही ओळखता येते: यंत्राच्या काचेच्या मापाचे चौकोनी चट्टे, एकाशेजारी एक, आधी लाल, मग काळे किंवा पांढरे. ते महिनोन्‌महिने राहतात, कधी जातही नाहीत.

सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तो वरच्या थरातल्या रंगात कमी अडकतो. पार्लरमध्ये बहुधा असतं ते आयपीएल. तो लेझर नव्हेच. अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो. तरी बोर्डावर ‘लेझर’ लिहितात, आणि गिऱ्हाईक लेझरचेच पैसे मोजतं.

पार्लर चालवणाऱ्या ताईंवर माझा राग नाही. थ्रेडिंग-वॅक्सिंगच्या कमाईवर घर ओढणाऱ्या या बायका आहेत. कर्ज काढून यंत्र घेतलं आणि शिकवणी म्हणून विकणाऱ्याने अर्धा दिवस बटणं दाखवली, एवढंच झालं असेल, तर फसवणूक त्यांचीही झाली आहे. पण त्या शिकवणीवर दुसऱ्याच्या मुलीचा चेहरा भाजायचा अधिकार मिळत नाही.

आता न विचारलेला प्रश्न. वीस वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर, गळ्यावर राठ केस यायला लागले, तर पहिलं विचारायचं ते पाळीबद्दल. दोन-दोन महिने पाळी येत नाही, वजन वाढतंय, मुरमं जात नाहीत, असं असेल तर ते पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या असंतुलनाचा विकार, असू शकतं. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायला हवं. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी करायला हवी. मूळ कारणावर उपचार न करता प्रकाश मारत राहिलात, तर आजचे केस जळतात आणि हार्मोन्समुळे नवे उगवत राहतात. काहींच्या चेहऱ्यावर तर उलटंच होतं: कडेची बारीक लव जाड, काळी होते. हा दुष्परिणाम डॉक्टरांनी नोंदवलेला आहे, आणि हार्मोन्सचा त्रास असलेल्या सावळ्या मुलींना त्याचा धोका जास्त असतो. ‘अजून दोन सिटिंग घे’ हा त्यावरचा इलाज नव्हे.

पार्लरमध्ये यंत्राने केस घालवण्याचं हे पूर्वीही घडलेलं आहे. १८९६ साली व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने क्ष-किरणांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस घालवले. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ब्युटी पार्लरांत तीच यंत्रं आली, ‘वेदनारहित’ म्हणूनच. बायकांच्या चेहऱ्यांवर व्रण उठले, पुढे काहींना कॅन्सर झाला. आयपीएल म्हणजे क्ष-किरण नव्हेत, तशी भीती घालायची नाही. पण डॉक्टरच्या हातातलं साधन जाहिरातीच्या भरवशावर पार्लरमध्ये गेलं, ती चूक आज तशीच चालू आहे.

मुलींनो, करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे करा. आधी पॅच टेस्ट मागा. तुमच्या आणि यंत्र चालवणाऱ्याच्याही डोळ्यांवर गॉगल नसेल तर उठून या. आधीचे काही आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग नको. मूळच उपटलं तर प्रकाश मारणार कशावर? उन्हाने अंग रापलेलं असेल तर थांबा. पॅकेजचे पैसे एकरकमी भरू नका आणि बिल घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. भाजलंच तर त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरला दाखवा. फसव्या जाहिरातीविरुद्ध २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि आपल्या रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तिथे तक्रार करा.