दोन जिप्सी आणि एक वाघ

ताडोबाला जायचं तर उन्हाळ्यातच, असं ज्याला वाघ हवा असतो तो म्हणतो. आणि हिवाळ्यातच, असं ज्याला स्वतःचा जीव हवा असतो तो म्हणतो. दोघांचंही शास्त्र पक्कं आहे. मे महिन्यात नाले आटतात, सागाची पानं झडलेली असतात, लांबवरचं दिसतं आणि वाघ उन्हाला कंटाळून पाणवठ्यात बूड बुडवून बसतो. त्याला तिथे बसलेला पाहायचा तर आपण मात्र चंद्रपूर जिल्ह्याच्या 45 अंशांत उघड्या जिप्सीत बसायचं. हिवाळ्यात हवा झकास, पण गवत उंच आणि बांबू दाट. वाघ दहा हातांवर झोपलेला असला तरी आपण चितळांचे फोटो काढून परत येतो. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. जुलै ते सप्टेंबर कोअर बंदच असतं.

हा निर्णय आम्ही ठाण्यात, हॉलचा एसी 22 वर ठेवून घेतला. मे महिना एकमताने मंजूर झाला.

वाराचा प्रश्न आणखी लवकर सुटला. मंगळवारी कोअर बंद असतं हे ऐकून आईला वाघाविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. "बघ, तोसुद्धा वार पाळतो," ती म्हणाली. तळ्याकाठी तारू नावाच्या देवाचं ठाणं आहे आणि त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडलं असं सांगतात, हे कळल्यावर तर तिने नारळाची चौकशी सुरू केली. कथा अशी, की तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना गेला आणि लोकांनी त्याला देव केलं. "म्हणजे वाघ सगळ्यात जवळून ज्याला दिसला तो हा," माझा मेहुणा म्हणाला. आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की वाघाची हौस तिथेच फिटावी.

मेहुणा हा आमच्या मोहिमेचा तज्ज्ञ. प्रत्येक कचेरीत असा एक गृहस्थ असतो, जो वाघांबद्दल नटनट्यांसारखं बोलतो. माया, वाघडोह, मटकासुर, छोटा मटका ही नावं तो एकेरीत घेतो. "माया होती तेव्हाचा ताडोबा वेगळाच हो दाजी," असं म्हणून तो उसासा टाकतो. जुन्या संगीत नाटकांबद्दल माझे काका असंच बोलत, आणि त्यांचाही उसासा ऐकणाऱ्याला 'तुझा जन्म उशिरा झाला, त्याला मी काय करू' असंच सुनवायचा. गेट कुठलं घ्यायचं यावर मेहुण्याचं मत दर आठवड्याला बदलायचं. सोमवारी मोहर्ली, शुक्रवारी कोलारा. मध्येच त्याला कोणीतरी सांगितलं, की कोअर सोडा, बफरमध्ये जास्त दिसतायत. कोअर साधारण 625 चौरस किलोमीटर, भोवतीचं बफर त्याहून मोठं, आणि दोन्हींमधली रेघ वनखात्याच्या नकाशावर आहे. वाघ आपला नाला बघून चालतो.

खरा पेच जिप्सीने आणला. एका जिप्सीत पर्यटक सहा. ड्रायव्हर आणि गाइड वेगळे. आम्ही सात. बाबा लगेच म्हणाले, "मी राहतो मागे, तुम्ही जा. माझं काय, आता वाघ पाहून काय करायचंय." हे त्यांनी अशा स्वरात म्हटलं, की त्यांना मागे ठेवण्यापेक्षा अख्खा ताडोबा रद्द करणं सोपं. मग दोन जिप्सी घ्यायच्या ठरल्या आणि सगळ्यांच्या मनात एकाच वेळी तो प्रश्न उभा राहिला, जो विचारायचं धाडस शेवटी मुलीने केलं : "एका जिप्सीला वाघ दिसला आणि दुसरीला नाही, तर?"

घरात शांतता पसरली. वाटण्यांच्या वेळीसुद्धा आमच्यात इतकी शांतता नव्हती.

मेहुण्याने गणित मांडलं. दोन्ही जिप्सी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या, तर कोणाला तरी वाघ दिसण्याची शक्यता वाढते. बायको म्हणाली, "आणि संसार टिकण्याची कमी होते." जोडीने गेल्या, तर मागच्यांनी धूळ खायची आणि पुढच्यांच्या टोप्या पाहायच्या. तिने तोडगा काढला, की नवरा-बायको एका गाडीत नकोत. म्हणजे दिसला तरी घरातल्या निम्म्यांना दिसेल आणि भांडण नात्यात विभागलं जाईल. हा तोडगा मान्य होतो न होतो तोच लक्षात आलं, की तीन जोड्या फोडल्यावर मुलगी कोणाकडे हा प्रश्न उरतो, आणि तो आमच्याकडे कौटुंबिक न्यायालयाच्या गांभीर्याने घेतला गेला. अखेर असा ठराव झाला, की ज्यांना दिसेल त्यांनी 'नुसती पाठ दिसली, तीही बांबूच्या आड' एवढंच सांगायचं. बिबट्या दिसला तर काय सांगायचं, यावर चर्चा झाली नाही. अस्वलाला कोणी विचारलंच नाही.

मुलीचा विरोध वेगळ्याच मुद्द्यावर होता. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. "मग वाघ दिसला हे कळणार कसं?" तिने विचारलं. कोणाला कळणार, असं मी विचारलं, तर तिने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. कॅमेरा चालतो म्हणून मेहुण्याने एक लेन्स भाड्याने ठरवली. ती ठेवायला जिप्सीत आठवी जागा लागेल असा माझा अंदाज आहे.

कपड्यांवर एक अख्खा रविवार गेला. सगळ्यांनी खाकी नाहीतर शेवाळी रंग घ्यावा, असं फर्मान निघालं. मेहुणा तर लष्करी ठिपक्यांचा पूर्ण संच घेऊन आला, टोपीपासून मोज्यांपर्यंत. आता गंमत अशी, की चितळ-सांबराच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही. म्हणून तर वाघाला एवढा भडक अंगरखा घालून गवतात खपून जाता येतं. वाघाचे डोळेही रंगांच्या बाबतीत तसेच. त्याला वास येतो, आवाज येतो, हालचाल दिसते. म्हणजे मेहुण्याचा हिरवा शर्ट आणि माझा भगवा सदरा वाघाच्या लेखी जवळपास एकाच ताग्यातले. मेहुण्याच्या वेशाने फसतील ते शेजारच्या जिप्सीतले पर्यटकच. तरीही मी खाकी शर्ट घेतला. शास्त्र वाघापुरतं असतं. फोटो तर बायकोच्या बहिणी बघणार.

राहता राहिले बाबा. सफारी काही तास चालते आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही खाली उतरता येत नाही. सकाळची गाडी म्हणजे पहाटे चहा. आणि चहा म्हटलं की बाबांचं वेळापत्रक सांबराच्या कॉलपेक्षा नेमाचं. "मी चहाच घेत नाही त्या दिवशी," ते म्हणाले. गेल्या चाळीस वर्षांत एवढा मोठा त्याग त्यांनी कोणासाठी केल्याचं ऐकिवात नाही, असं आई म्हणाली. तिने ते वाघाचं कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं.

सगळं ठरल्यावर आत्याला फोन केला. आत्या मूलजवळच्या एका खेड्यात राहते. जातायेता तिच्याकडे मुक्काम करायचा बेत होता. तिने जिप्सी, गाइड, गेट या सगळ्याचा हिशेब शांतपणे ऐकून घेतला.

"वाघ पाहाले एवढे पैसे कायले, बाबू?" ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. त्या जिल्ह्यात वाघ चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही फिरतो. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला बाया रानात शिरतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. वाकून काम करायचं आणि पाठीमागे कान ठेवायचा. त्यांना गाइड नसतो. वाघ दिसावा म्हणून पैसे मोजणारे आणि दिसू नये म्हणून देवाला हात जोडणारे एकाच रस्त्याने सकाळी निघतात. पैसे मोजणाऱ्यांची गाडी तेवढी पुढे निघून जाते. हे मी बोललो नाही. आत्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अन् दिसला नाही तं पैसे वापस देते का?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने या व्यवहारातलं लक्ष काढून घेतलं आणि जेवणात वांगी चालतील ना, ते विचारलं. फोन ठेवता ठेवता तिला आठवण झाली.

"अन् हे पाय, रात्र झाली तं नाल्याकडच्या वाटेनं येऊ नका. तिकडं वाघीण आहे पिलाईसंग. रोडानंच या."

फोन स्पीकरवर होता. मेहुण्याने मोजे घालता घालता मान वर केली.

"दाजी," तो म्हणाला, "हा नाला कुठल्या गेटला येतो?"