परदरबारी वकिली : नवशिक्यांसाठी काही सूचना

परदरबारी नेमलेल्या वकिलाचे मुख्य काम वाट पाहणे हे होय. तह, करार आणि मैत्रीच्या आणाभाका ही कामे वर्षातून दोनचार दिवस निघतात. उरलेले दिवस यजमान राजा शिकारीला गेलेला असतो, त्याची प्रकृती ठीक नसते, नाहीतर मुहूर्त नसतो. या शास्त्राच्या अभ्यासाला नगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. निजामशाहीच्या राजधानीपासून खर्ड्याच्या माळापर्यंत इथे वकिलांची ये-जा होत राहिली, खलिते लिहिले गेले आणि बरीच कामे फसली. अभ्यास फसलेल्या कामांचाच करावा. साधलेल्या कामाचे श्रेय धनी घेतो, वकिलाकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

नेमणुकीसाठी कवी असलेला बरा. १५९१ साली अकबराने दख्खनच्या दरबारांकडे वकील धाडले, तेव्हा खानदेश आणि अहमदनगरसाठी फैजीची निवड झाली. फैजी म्हणजे दरबारचा कविराज आणि अबुल फजलचा थोरला भाऊ. कामगिरी वरकरणी सोपी होती. दुसरा बुऱ्हाण निजामशहा अकबराच्या आश्रयाला राहिलेला होता आणि त्याच साली तो नगरच्या गादीवर बसला होता. त्याने उपकार स्मरून बादशहाचे वर्चस्व मानावे, एवढेच त्याच्या गळी उतरवायचे होते. अशी नेमणूक आली की शहाण्या वकिलाने आजारी पडावे. ज्याच्यावर आपल्या धन्याचे उपकार आहेत, त्याच्याइतका अवघड यजमान दुसरा नसतो.

फर्मान कसे द्यावे, याचा उत्तम पाठ वाटेत बुऱ्हाणपुरास मिळतो. तिथे खानदेशच्या राजा अलीखानासाठी फैजीने काय थाट मांडला, हे त्याने स्वतःच बादशहाला कळवले आहे. तंबूचे दोन भाग केले. आतल्या भागात रिकामे सिंहासन मांडले, त्यावर बादशाही तलवार, खिलतीचा पोशाख आणि फर्मान ठेवले. भोवती माणसे हात बांधून उभी केली. बादशहा तिकडे लाहोरास होता. अलीखान लांबूनच पायउतार झाला, अदबीने चालत आला आणि रिकाम्या सिंहासनाला मुजरे घालू लागला. फैजीने आपल्या माणसांना मुजरे मोजायला सांगून ठेवले होते. ते पंचवीस भरले.

हा आकडा नवशिक्याने डोळ्यांपुढे ठेवावा. ‘खानाने फार आदर दाखवला’ असे लिहिणारा वकील कच्चा, ‘पंचवीस’ लिहिणारा पक्का. मुजऱ्यांना जागा लागत नाही, ते वाटेत चोरीला जात नाहीत आणि देणाऱ्याचाही खर्च होत नाही, त्यामुळे दोन्ही पक्ष खूश राहतात. खंडणीचा आकडा कमी पडला, की हा आकडा पुढे करता येतो.

नगरास पोचल्यावर मात्र आकडे थांबले. बुऱ्हाणशहा दाद देईना. त्याचे लक्ष चौलच्या फिरंग्यांकडे लागलेले. अशा वेळी खलिता रिकामा जाऊ देणे हा वकिलीतला सर्वांत मोठा गुन्हा समजावा. मुख्य काम हलत नसेल तर शेजारच्याची बातमी द्यावी, शेजारचा थंड असेल तर समुद्रापलीकडची द्यावी. फैजीने इराणच्या शाह अब्बासची हालहवाल कळवली, आणि नगरात दोन अव्वल कवी आहेत हेही कळवले. एक मलिक कुम्मी. तो माणसांत फारसा मिसळत नाही, डोळे सदा पाणावलेले. दुसरा जुहूरी. तो मोठा गुणी, आणि बादशहाच्या उंबऱ्याशी यायला उत्सुक. पुढे दोघेही गेले ते विजापूरला, इब्राहिम आदिलशहाकडे. वकिलाचा होरा आणि घडलेली गोष्ट यांत एवढे अंतर चालते. तरीही त्या पत्रांत आज वाचावेसे वाटते ते हेच. राजकारण शिळे झाले, कुम्मीचे डोळे अजून ओले आहेत.

मराठी वकिलाने पत्राची ठेवण वेगळी ठेवावी. आधी साष्टांग नमस्कार, मग येथील क्षेम, मग ‘विशेष’. त्यानंतर दरबारात कोण कोणावर रुसले आहे याची चार पाने लिहावीत आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखे, खर्ची आलेली नाही आणि सावकार दारातून हलत नाही, हे घालावे. पत्राचा खरा मजकूर हाच असतो, पण तो वर घालणे अप्रशस्त.

शिफारसी कराव्या लागतात, त्या कराव्यात. इतिहासकार बदायुनी दरबारच्या मर्जीतून उतरला, तेव्हा १५९२ साली फैजीने नगरहून बादशहाकडे त्याच्यासाठी रदबदली केली. बदायुनीने ते पत्र आपल्या इतिहासात उतरवून घेतले, आणि त्याच ग्रंथात फैजीची यथेच्छ निंदाही केली. आभाराच्या खात्यात जमा धरू नये.

सुमारे पावणेदोन वर्षांनी फैजी परतला, काम न साधता. १५९५ साली तेच काम शहजादा मुरादच्या तोफांकडे गेले. तोफांपुढे चांदबिबी उभी राहिली. १५९६ च्या तहात मोगलांना वऱ्हाड मिळाले, नगरचा किल्ला नाही. जे शाईला जमले नाही ते दारूगोळ्यालाही अर्धेच जमले, हे बदली झालेल्या वकिलाने आपल्या बचावात अवश्य मांडावे.

तगाद्याच्या वकिलीसाठी जामखेड तालुक्यातले खर्डे पाहावे. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादच्या निजामाकडे चौथाईच्या थकबाकीचा हिशेब घेऊन बसले होते. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर दरबारात म्हणाला, की हिशेब समजवायला नाना फडणीसांनी जातीने यावे. येत नसतील तर त्यांना आणवू. अशा बोलण्यावर वकिलाने रागावू नये, वाद घालू नये, शब्दन्‌शब्द लिहून पुण्यास पाठवावा. पुढचे काम तो शब्दच करतो. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, आणि तहात मराठ्यांच्या स्वाधीन करायच्या गोष्टींत खुद्द मुशीरुल्मुल्कही निघाला. नाना हैदराबादला गेले नाहीत. हिशेब समजून घ्यायला दिवाणच पुण्यास आला.

राहता राहिला निरोप. आजकाल नकोशा वकिलाला घालवण्याची रीत १९६१ च्या व्हिएन्ना करारात घालून दिली आहे, आणि कारण सांगण्याचे बंधनही यजमानावर नाही. पूर्वी वकील स्वतःच उठे, आणि त्याचा अर्थ शेजारच्या किल्लेदाराला कळे. कर्नल कॉलिन्स हा इंग्रजांचा वकील ३ ऑगस्ट १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून निघाला. ८ तारखेला इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरची पेठ घेतली, १२ तारखेला शिंद्यांचा नगरचा किल्ला पडला. मधे उसंत फार थोडी मिळते. म्हणून निरोपाचे विडे हातात पडण्याआधीच परटाकडचे कपडे परत आणून ठेवावेत.