संगणकाला मिऱ्या माहीत नाही

रत्नागिरीत कुणालाही मिऱ्या बंदर विचारा. रस्ता तर सांगतीलच, शिवाय तुम्ही कुणाचे, निघालात कुणाकडे आणि एवढ्या उन्हात कशाला, याचीही चौकशी होईल. संगणकाला विचारा. तो थोडा वेळ गरगरतो आणि सांगतो, काहीही सापडलं नाही.

आमच्या वाडीच्या देवळाचं सगळं दप्तर संगणकात आहे. शिमग्याचा जमाखर्च, पालखीचे ठराव, देवळाच्या आंब्यांचा लिलाव. थोडक्यात, भांडायला लागणारा एकूण एक पुरावा. पण भांडण ऐन रंगात आलं की नेमका पुरावा सापडत नाही.

‘मिऱ्या’तला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी सरळ ‘ऱ’चा पाय मोडतो, कुणी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी बहुतेक वेळा ही दोन वेगळी गावं. आता कोकणात राहून वाऱ्याशिवाय आणि किनाऱ्याशिवाय ठराव लिहायचे कसे?

आंब्यांची तऱ्हा याहून न्यारी. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची, तीत देवनागरी होती. तरी पुढे कितीतरी वर्षं मराठी टंकलेखन कृतिदेवसारख्या फॉन्टांवरच चाललं. त्यात दिसतं ‘आंबा’, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं : व्ही, के, ए, सी, के. आमच्याकडच्या नमनाच्या खेळातल्या गवळणीसारखंच हे. साडी बघून फसायचं नाही, आत बाप्याच असतो. म्हणून आंबा शोधायला हीच पाच अक्षरं शोधचौकटीत घालावी लागतात. बघणाऱ्याला वाटतं, उन्हाचा परिणाम.

काही ठराव तर नुसते फोटो. त्यातली अक्षरं वाचणारं ओसीआर चालवल्याशिवाय संगणकाला ठराव आणि वाळत घातलेली आमसुलं यांत फरक कळत नाही.

असाच एक ठराव काही केल्या सापडेना. शेवटी आम्ही तो टाइप करणाऱ्या तात्यांनाच विचारलं.

“तो होय? गणपतीत केलेला. आरतीला लाइट गेली, अर्धा परत करावा लागला. सालही सांगतो, आमच्या बाब्याचं लग्न झालं ते.”

शब्द बाजूला ठेवले, त्या वर्षीच्या भाद्रपदातल्या वर्ड फायली ‘शेवटचा बदल’ या तारखेने लावल्या. ठराव हजर. नाव होतं ‘नवीन फायनल 2’.

तेव्हा मंडळी, फायलीला नाव देताना साल आणि विषय लिहा. शब्दाने नाही सापडली तर तारीख, प्रकार, आकार यांवरून हुडका. बॅकअप तर घ्याच. पण ज्यांनी टाइप केलंय, त्या तात्यांशी भांडू नका. निदान ठराव सापडेपर्यंत.