पिवळा चेहरा
आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणाच्या तरी सासऱ्यांच्या निधनाची बातमी आली. तिच्याखाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा उमटला. तो रडतोय, ही टाकणाऱ्या काकांची प्रामाणिक समजूत. मग दोन दिवस महाभारत. शेवटी ॲडमिनचे फर्मान निघाले: विनोद फक्त रविवारी, तोही वर 'विनोद' असे लिहून! आता 'नळाला पाणी कधी येणार?' असे कुणी विचारले तरी लोक आधी वार बघतात.

आणि हे कुठे, तर नगरात! हाकेच्या अंतरावर अरणगाव. तिथे मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरले, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत. बरीच वर्षे ते फळीवरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून बोलत. 1954 नंतर नुसत्या खुणांनी. अध्यात्म त्यातच, थट्टाही त्यातच. वेग म्हणाल तर आमच्या काकांच्या टायपिंगइतकाच असेल, पण कुठे हसायचे ते समोरच्याला कळायचे.

दर 10 जुलैला त्यांचे भक्त दिवसभर मौन पाळतात. आमच्या ग्रुपनेही एकदा पाळून पाहावे. 'मौनदिनाच्या हार्दिक शुभेच्छा' तेवढ्या कुणी पाठवू नयेत.