सव्वा एचपीची मोटार आणि अठराशेचा डबा

विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवायची असली तर मानवतचा शेतकरी काय करतो? डीपीपासूनचं अंतर पावलांनी मोजतो, केबल किती एमएमची लागेल ते वायरमनला दोनदा विचारतो, स्टार्टर हलका घेत नाही. मोटार जळाली तर वाइंडिंगचा खर्चही त्याचाच आणि वाळलेलं पीकही त्याचंच. त्याच घरातला पोरगा आतल्या खोलीत गेमिंगचा कॉम्प्युटर उभा करतो, त्यात दोन ग्राफिक्स कार्डं घालतो आणि त्या सगळ्याला वीज पुरवणारा एसएमपीएस आणतो अठराशे रुपयांचा. हे मला बघवत नाही.

बघवत नाही, कारण बहिणीच्या घरी हेच झालं. भाच्यानं कापसाच्या हंगामात जिनिंगवर वजनाच्या पावत्या लिहून पैसे साठवले. त्यातून जुनी दोन जीटीएक्स 1080 टीआय कार्डं घेतली. "मामा, एसएमपीएस आठशे वॅटचा आहे, दुकानदार म्हणाला आरामात चालतंय." पहिल्याच रात्री, खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झाली नाहीत तोच फट् असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि खोलीभर जळकट वास. डब्यानं जाताना मदरबोर्डही नेला. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही.

तो डबा आम्ही ओळखीच्या मेकॅनिककडून उघडवला. (घरी कुणी उघडू नका, वायर काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर जोराचा झटका देतो.) आधी हातात घेतला तेव्हाच शंका आली, इतका हलका. आत दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी चिकट पाणी आलेलं, उष्णता ओढणारी ॲल्युमिनियमची पट्टी पत्र्याइतकी पातळ. आणि बाहेरच्या लेबलावर बारीक अक्षरात खरं लिहिलेलंच होतं: 12 व्होल्ट, 32 अँपिअर. गुणाकार करा. 384 वॅट. कार्डं आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज याच 12 व्होल्टवरून घेतात. बाकीच्या व्होल्टचे आकडे मिळवले तरी बेरीज आठशेला पोचत नव्हती. वर मोठ्या अक्षरात मात्र 800.

आता लागत होती किती? एक 1080 टीआय मुळात 250 वॅटचं. ताणलं की 300 पर्यंत जातं. 75 स्लॉटमधून, 75 सहा पिनांतून, 150 आठ पिनांतून. दोन कार्डांचे 600. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर दोनशेच्या आसपास. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून 75 धरा. झाले 875. चांगला एसएमपीएस आत येणाऱ्या विजेतली साधारण 90 टक्के पुढे देतो, म्हणजे भिंतीतून ओढली जाणार 970 वॅट. 746 वॅटचा एक एचपी. सव्वा एचपीची मोटार झाली ही! सव्वा एचपीची मोटार कुणी घरात एक्स्टेन्शन बोर्डावर, कूलरच्या शेजारच्या पिनेत लावली असती का?

ओव्हरक्लॉकिंगचं गणित पोरांना कुणी सांगत नाही. वेग दहा टक्के वाढवला तर वीज दहा टक्केच वाढते, असं त्यांना वाटतं. पण वेग टिकवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि व्होल्टेजचा भार वर्गानं वाढतो. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले की वीज 33 टक्के जास्त. मिळतं काय? पडद्यावर चार-सहा फ्रेम. त्यासाठी मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, हजार वॅटचा हीटर तासन् तास पेटवून बसायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सोसण्यासारखं नाही, माणसालाही आणि यंत्रालाही. एसएमपीएस जितका तापतो तितकी त्याची ताकद उतरते. चांगल्या कंपन्या किती तापमानाला पूर्ण वॅट मिळतील ते लिहून देतात. 40 अंश लिहिलं असेल तर तो डबा परभणी जिल्ह्यासाठी नाही. 50 वालाच घ्या.

आणि व्होल्टेज? पुस्तकात 230. शेतीची लाईट आली, सगळीकडच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की संध्याकाळी आपल्या घरात 170 सुद्धा दिसतं. बल्ब मंद होतो, पण एसएमपीएस मंद होत नाही. त्याला तेवढीच वीज द्यायची असते, म्हणून तो जास्त करंट ओढतो. 230 ला 4.2 अँपिअर लागत होते, तिथे 170 ला 5.7 लागतात. घरातली साधी पिन सहा अँपिअरची! ही काठावरची गोष्ट आहे आणि ती रोज रात्री घडते. अशा मशीनला 16 अँपिअरची पॉवर पिन आणि मेन बोर्डापासून वेगळी वायर हवी. यूपीएसचंही तसंच. दुकानात मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो. या मशीनचा भार पडला की तो नुसता ओरडेल.

दोन कार्डांच्या नादाबद्दलही बोलतो. एनव्हीडियानं 2004 साली आपलं एसएलआय आणलं तेव्हा दोन कार्डं जोडण्यात अर्थ होता. 2022 च्या 4090 वर ती जोडणीच ठेवली नाही. आजचे बहुतेक नवे खेळ दुसऱ्या कार्डाकडे बघतही नाहीत. खेळायचंच असेल तर एक चांगलं कार्ड घ्या आणि वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घाला. शेजारच्या परळीचे वीजसंच 2013 साली पाण्याअभावी बंद पडलेले आपण पाहिलेत. वीज बनवायला पाणी लागतं, म्हणजे वाया घालवलेली वीज हे वाया घालवलेलं पाणीच. 90 टक्क्यांऐवजी 70 टक्क्यांवर चालणारा डबा या भाराला पावणेतीनशे वॅट जास्तीची नुसती उष्णता करून टाकतो, आणि बिल बहिणीच्या नावावर येतं. तिनं का भरायचं?

भाच्याला मी रागावलो नाही. रागावायचं तर त्या लेबल छापणाऱ्यावर. आम्ही एक कार्ड विकलं, परभणीला जाऊन 850 वॅटचा गोल्ड, म्हणजे 90 टक्क्यांच्या आसपासचा, एसएमपीएस आणला. हातात घेतल्यावर जड लागला. भाचा म्हणाला, "मामा, विटेसारखाय." उरलेल्या एका कार्डाला तो पुरून उरेल.

जोडण्याआधी वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तो जेमतेम लाल झाला. मागच्या अंगणात गेलो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवती चांगली दोन बोटं फट पडली होती. मीठ आणि कोळसा घालून भाच्यानं एक बादली ओतली. पाणी दिसलंसुद्धा नाही. दुसरी ओतली. तिसरीला कुठे ते वर थांबलं, आणि आतून वायरमन ओरडला, "लागला, चांगला लागला!"